चारच्या पाढ्यात न बसणारे आटे

लेथवर आटे पाडायला मी शिकले तेव्हा माझी सत्तेचाळिशी उलटली होती आणि गुडघे कुरकुरायला लागले होते. या वयात बायका भजनी मंडळात जातात, भिशी लावतात, नातवंडांची वाट बघतात. मी आमच्या घराच्या बाजूच्या बोळात, पत्र्याच्या शेडखाली, नवऱ्याचा कंपनीतला जुना शर्ट घालून मशीनपुढे उभी असायचे. हौस म्हणून नव्हे. हौसेच्या कामानं माणूस एवढा दमत नाही.

आटे म्हणजे बोल्टच्या अंगावर गोल गोल फिरत गेलेली खाच. तिच्यावर नट चढतो. दुकानातून आणलेल्या बोल्टकडे कोणी निरखून बघत नाही. मीही कधी बघितलं नव्हतं, आणि मी तर टर्नरची बायको.

माझे यजमान सातपूरच्या एका कंपनीत टर्नर होते. मी त्यांना 'हे' म्हणते, इथेही तेच म्हणणार. आता या वयात सवय कुठे बदलू? नव्वदच्या दशकाच्या शेवटी कंपनीला टाळं लागलं. यांच्याबरोबरच्या कोणी रिक्षा घेतली, कोणी भावाच्या दुकानात जाऊन बसलं. यांनी एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून जुनं लेथ मशीन आणलं. टेम्पोतून उतरवून, लोखंडी पाइपांवरून ढकलत ढकलत ते बोळात न्यायला अर्धा दिवस गेला. माझ्या तीन कुंड्या फुटल्या. तरीही मी मशीनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि मनात म्हटलं, आली सवत घरात. तेव्हा ती नुसती थट्टा होती. या सवतीची सेवा पुढे मलाच करायची आहे हे कुणी सांगितलं असतं तर मी तो नारळ मशीनवरच फोडला असता.

पहिली चार-पाच वर्षं बरी गेली. यांच्या कंपनीतले फोरमन होते, निफाडकडचे, मनानं मोठे आणि आवाजानं त्याहून मोठे. त्यांनी अंबडला स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं होतं. पंप, व्हॉल्व्ह, असलं काहीबाही दुरुस्त करायचे. बाकी सगळं काम त्यांची माणसं करत, पण नेमके आटे पाडायचे असले की फोरमन तो लोखंडाचा तुकडा स्कूटरवर पायाशी ठेवून आमच्याकडे येत. कारण यांच्या आट्यांवर नट एका बोटानं फिरवला तरी शेवटपर्यंत जायचा, कुठे अडायचा नाही, आणि हलवून बघितला तर जरासुद्धा डुगडुगायचा नाही. "आटा पाडावा तर यानं," फोरमन गल्लीला ऐकू जाईल असं म्हणत. हे त्या दिवशी एक पोळी जास्त खात. यांना दारूचं व्यसन नव्हतं, तंबाखूचं नव्हतं. व्यसन असेल तर ते एवढंच होतं, की चार माणसांनी म्हणावं, आटे याचेच.

मग यांचा उजवा हात हलायला लागला.

मला पहिल्यांदा दिसलं ते जेवताना. हात ताटाच्या कडेला नुसता टेकलेला, आणि अंगठा नि पहिलं बोट एकमेकांवर घासत होती, वात वळावी तशी. मी विचारलं, "अहो, काय करताय?" तर यांनी हात मांडीखाली घातला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, हे बरं होत नसतं, सांभाळायचं असतं, असं समजावलं. परत येताना रिक्षात यांनी एवढंच म्हटलं, "बाहेर बोलू नकोस." मी बोलले नाही. आमची मुलगी लग्न होऊन कळवणला दिलेली, तिलासुद्धा बरेच दिवस सांगितलं नाही. चारचौघांत हे उजवा हात खिशात ठेवायला लागले आणि चहाचा कप डाव्या हातानं धरायला.

साधं काम यांना तरीही जमायचं. लोखंड नुसतं छिलायचं असेल तर मशीन आपलं आपण चालतं. आटे पाडणं वेगळं. तिथे क्षणाचा हिशेब असतो. मशीनच्या पुढच्या अंगाला एक लांब दांडा फिरत असतो, लीड स्क्रू म्हणतात त्याला. त्याला चिमट्यासारखा धरणारा दोन पाकळ्यांचा नट असतो, तो हाफ नट. मूठ खाली दाबली की पाकळ्या मिटतात आणि दांडा लोखंड कापणाऱ्या टूलला ओढून नेतो; मूठ वर केली की पाकळ्या उघडतात आणि टूल सुटतं. आटे जिथे संपायचे तिथे एका हातानं टूल मागे घ्यायचं आणि त्याच क्षणी दुसऱ्या हातानं मूठ वर करायची. डोळ्याची पापणी लवली एवढा उशीर झाला तर टूल जाऊन आदळतं. यांच्या हाताला उशीर व्हायला लागला. एका आठवड्यात तीन टूलांची टोकं उडाली. तिसऱ्या खेपेला हे मशीन बंद करून तिथेच उभे राहिले आणि मी धुणं पिळत होते तिथे आवाज दिला, "जरा इकडे येतेस? नुसती मूठ धर."

नुसती मूठ. लग्नात सासूबाईंनी पण असंच म्हटलं होतं, घरात काम असं काहीच नाही.

सुरुवातीला खरोखर तेवढंच होतं. हे म्हणायचे "धर," मी मूठ दाबायची. "सोड," मी उचलायची. मग टूल मागे घ्यायचंही माझ्याकडे आलं. मग टूल घासणं आलं. आट्याच्या टूलाचं टोक नेमक्या कोनात घासावं लागतं. ग्राइंडरवर मी पहिली चार टूलं जाळून निळी केली. हे रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसून बघायचे. "रागावून घासू नको, लोखंडाला कळतं," म्हणायचे. मी म्हणायचे, "उंटावरून शेळ्या हाकायला तुमचं काय जातंय!" पण शिकवायला माणूस चांगला. कान तयार. हे आत खाटेवर असले आणि मी मशीनवर असले, तरी तिथूनच डोळे मिटून सांगायचे, टूल बोथटलंय, तेल घाल. आणि खरंच बोथटलेलं असायचं.

हाफ नट कधी मिटायचा हे यांनी मला चारच्या पाढ्यानं शिकवलं. आमचं मशीन जुनं, इंचाच्या हिशेबाचं. लीड स्क्रूला एका इंचात चार आटे. म्हणून ज्या कामाचे आटे चारच्या पाढ्यात बसतात, इंचात आठ, बारा, सोळा, वीस, तिथे हाफ नट कुठेही मिटा, टूल आपोआप आधीच्या खाचेतच जाऊन बसतं. आपल्याकडे शेतीच्या पंपांना, पाइपांच्या क्लॅम्पांना लागणारं बहुतेक काम याच पाढ्यातलं. मला चारचा पाढा येत होता. तेवढ्यावर मी टर्नर झाले.

आठ-दहा महिन्यांत अशी गत झाली की आटे सगळे मीच पाडत होते. हे डब्यावर बसून ऐकायचे, शेवटी नट चढवून बघायचे आणि मान हलवायचे. मग फोरमन यायचे आणि आमचं नाटक सुरू व्हायचं. मशीनवर उभं राहताना मी बांगड्या काढून ठेवायचे, मंगळसूत्र पोलक्याच्या आत खोचून वर शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावायचे, कारण फिरत्या चकात, लोखंड पकडणाऱ्या जबड्यात, काही अडकलं तर माणूसच आत ओढला जातो. स्कूटरचा आवाज आला की मी आत पळायचे, शर्ट काढायचे, हात रॉकेलनं पुसायचे, ओल्या मनगटांवर बांगड्या चढवायचे आणि पदर खांद्यावर घेऊन पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर यायचे. तोवर हे मशीनपुढे उभे, उजवा हात खिशात.

फोरमन नट फिरवून बघायचे. "काय हात हाय वहिनी तुमच्या मालकांचा! लय सफाई आली आता. कंपनीत असताना एवढी नव्हती."

मी म्हणायचे, "चहा ठेवते."

हे ऐकून आधी मला हसू यायचं. नंतर यायचं बंद झालं. मी काही नाव मिळवायला निघाले नव्हते. पण नखांतला काळा रंग माझा, तर्जनीवरचे चटके माझे, उडालेल्या लोखंडाच्या तापल्या चिपांनी गळ्यावर पडलेले डाग माझे. चैत्रातल्या हळदीकुंकवाला शेजारीण म्हणाली, "अगोबाई, हाताला झालं काय?" मी म्हटलं, "स्टोव्ह." तिनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की घरी येऊन मी यांच्यावर उगाच ओरडले.

पण सगळ्यात वाईट होतं ते दमणं. पहाटे पाणी भरायचं, स्वयंपाक, धुणं, यांच्या गोळ्यांच्या वेळा, आणि मधल्या वेळात पाच-सहा तास मशीनवर उभं राहायचं. जगाच्या लेखी मी ते पाच-सहा तास काहीच करत नव्हते. मग दमले असं म्हणायचं तरी कोणत्या तोंडानं? काम असेल तर दमायला कारण असतं. मला कारणं शोधावी लागायची. मुलगी फोनवर विचारायची, "आई, आवाज का असा ओढल्यासारखा?" मी सांगायचे, पापड लाटले, पाहुणे होते, माळा साफ केला. एकदा ती म्हणाली, "आई, श्रावणात कसले गं पापड?" मी लाइन खराब आहे म्हणून फोन ठेवला.

यांना मी एकदा म्हणाले, "फोरमन भाऊजींना सांगून टाकू या. ते आपले आहेत."

"काय सांगायचं?"

"आटे मी पाडते म्हणून."

यांनी डाव्या हातातला नट खाली ठेवला. मग म्हणाले, "तेवढंच राहिलंय गं माझ्याकडे."

 मी टूल घासायला गेले. तो विषय पुन्हा काढला नाही. कधी वाटायचं, बरोबर आहे त्यांचं. कधी वाटायचं, त्यांच्याकडे ते राहावं म्हणून माझ्याकडचं सगळं चाललंय त्याचं काय? दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही धरून मी रोज उभी राहत होते.

त्या वर्षी द्राक्षांच्या हंगामात फोरमन एक स्पिंडल घेऊन आले. पिंपळगाव बसवंतच्या एका कोल्ड स्टोरेजमधल्या मोठ्या व्हॉल्व्हचा मधला दांडा मोडला होता. नवा दांडा त्यांनी स्वतः दोन दिवस खपून तयार केला होता, नुसते आटे बाकी. व्हॉल्व्ह परदेशी, त्यामुळे आटे मिलीमीटरचे, अडीचचा पिच, म्हणजे एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंत अडीच मिलीमीटर. तिथलं थंडाव्याचं एक मशीन बंद होतं, दुसऱ्यावर भागवत होते, आणि बाहेर द्राक्षांचे टेम्पो वाढत होते. "दुसऱ्या कुणाला द्यायची छाती होत नाय," फोरमन म्हणाले. "उद्या दुपारी टेम्पोच घेऊन येतो." हे खिशातला हात न काढता म्हणाले, "या."

मिलीमीटरचे आटे आमच्या मशीनवर पडतात, पण सरळ नाही. एकशे सत्तावीस दात्यांचं एक मोठं गिअर लावावं लागतं. ते यांनी मागे भंगारबाजारातून शोधून आणलं होतं, आणि ते बसवताना दोन माणसांचे चार हात लागतात. आमच्याकडे तीनच होते. आणि मुख्य गोष्ट अशी, की हे आटे कुठल्याच पाढ्यात बसत नाहीत. एकदा हाफ नट मिटला की काम संपेपर्यंत तो उघडायचा नाही. टूल मागे घ्यायचं, मशीन उलटं फिरवून सगळं परत सुरुवातीला आणायचं, टूल थोडं पुढे घ्यायचं, पुन्हा सुलटं. वीस-पंचवीस वेळा असंच. मधे हाफ नट उघडून पुन्हा मिटला तर टूल जुनी खाच सोडून भलतीकडेच नवी खाच पाडतं. हे यांनी मला त्या सकाळी तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी मी म्हणाले, "अहो कळलं, मी काही कुक्कुलं बाळ नाही."

त्या दिवशी सकाळपासूनच अंगात त्राण नव्हतं. यांचं अंग आखडलेलं, त्यांच्या शर्टाची बटणं लावण्यात वेळ गेला. नळाला पाणी बारीक. मशीनला लागले तेव्हा साडेदहा झाले होते. एक-एक फेरी करत, ब्रशनं तेल लावत, उलटं-सुलटं करत दीड वाजला. आटे सुरेख उतरत होते, खरंच सांगते. दोन-तीन फेऱ्या राहिल्या होत्या. यांच्या गोळीची वेळ झाली म्हणून हे आत गेले. आणि लाइट गेली.

भारनियमनाचे दिवस होते ते. लाइट जाण्याचं आम्हाला काही नवं नव्हतं. काम चालू असताना लाइट गेली की मी काय करायचं ते ठरलेलं: टूल मागे घ्यायचं, मूठ वर करायची, टूल उजवीकडे सरकवून ठेवायचं, फडक्यानं चिपा झटकायच्या आणि डब्यावर टेकायचं. रोज चारच्या पाढ्यातलं काम, त्यामुळे त्यानं काही बिघडत नसे. त्या दिवशीही माझ्या हातांनी हेच केलं. मी केलं असं म्हणवत नाही, पण हात माझेच होते. मूठ वर झाल्याचा तो 'टक' आवाजसुद्धा मी ऐकला. ऐकला आणि डब्यावर बसले. मला तेव्हा फक्त एवढंच वाटलं, की लाइट गेली ते बरं झालं, जरा पाठ टेकता येईल.

वीस मिनिटांनी लाइट आली. मी उठले, टूल पुढे घेतलं, मूठ दाबली, मशीन सुरू केलं. टूल निघालं. आवाज वेगळा आला, कोरडा, खरखरीत. आतून हे ओरडले, "थांब! थांब, बंद कर!" मी बटण दाबेपर्यंत टूल शेवटाला पोचलं होतं. आट्यांच्या माथ्यावर मधोमध दुसरी खाच पडली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नट हातात घेऊन बघण्याची गरजच नव्हती.

हे दारात उभे होते. हातात पाण्याचा पेला, आणि पेल्यातलं पाणी खाली सांडत होतं.

"हाफ नट उघडलास?"

मी मान हलवली.

मला वाटलं आता बोलतील.  पण हे मशीनजवळ आले, त्या खाचेवरून डाव्या हाताचं नख फिरवलं आणि डब्यावर बसले. मी मात्र बोलत सुटले. लोखंडच खराब होतं म्हणून सांगू. आत गाठ होती म्हणू. लाइटीवर ढकलू.  तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला आणि पाठोपाठ स्कूटर. मी बांगड्यांकडे धावले नाही. पाय उचललेच नाहीत. तशीच उभी राहिले, शर्ट घातलेली, कोपरापर्यंत काळी.

फोरमन आत आले ते बोलतच आले. मग त्यांनी मला बघितलं, मग चकातला दांडा बघितला. खाली वाकून त्यांनी आटे पाहिले.

"हे काय रे? हाफ नट उघडला? तू? अरे, शिकाऊ पोरं करत नाय असं!"

"माझ्याकडून नाही झालं, साहेब," हे म्हणाले. "हिच्याकडून झालं."

त्या क्षणी मला काय वाटलं ते जसंच्या तसं लिहिते. मला वाटलं, हातातलं तेलाचं फडकं यांच्या तोंडावर फेकावं. दोन वर्षांत किती दांडे, किती नट, किती "काय हात हाय" झालं, एकदाही माझं नाव निघालं नाही. आणि आज बिघडलं, तर दोन मिनिटांत मी पुढे! स्वतः नामानिराळे! माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते पश्चात्तापाचं नव्हतं, रागाचं होतं.

फोरमन गोंधळले. "वहिनींचा काय संबंध? त्या इथं काय..."

यांनी खिशातून उजवा हात काढला आणि मशीनशेजारच्या टेबलावर ठेवला. टेबलावर नट आवळायचे लोखंडी पाने पडले होते, ते खडखड वाजायला लागले. हात थांबेना. यांनी तो मागे घेतला नाही. फोरमन बघत राहिले, मीही बघत राहिले. डॉक्टरांखेरीज दुसऱ्या कुणापुढे यांनी तो हात असा ठेवलेला मी कधी पाहिला नव्हता.

"दोन वर्षं झाली, साहेब. माझ्याच्यानं आटा पडत नाही. तुम्ही ज्यांना नावाजता ना, ते सगळे हिचे. पहिल्यापासून. आज एक चुकला म्हणून सांगतोय असं नाही. आज मी 'माझ्याकडून' म्हटलं असतं तर चूकही माझीच झाली असती, आणि मग हिच्याकडे काहीच उरलं नसतं."

माझा राग तिथल्या तिथे विरघळला असं मी म्हणणार नाही. काम बिघडण्याची वाट का बघितली, हे मी त्यांना पुढे कितीतरी वेळा सुनावलं, आणि अजूनही मला ते पटलेलं नाही. चांगलं काम झालं असतं त्या दिवशी बोलले असते तर त्यांचं काय गेलं असतं? पण तो टेबलावरचा हात मी बघितला होता. माणूस स्वतःजवळची शेवटची चीज काढून ठेवतो तेव्हा ती वेळेवर ठेवली का, असं एका मर्यादेपलीकडे विचारता येत नाही.

फोरमन पुन्हा त्या दांड्याशी वाकले. त्यांनी नख लावून आट्यांची खोली बघितली, दुसरी खाच सोडून फक्त पहिली.

"पहिले आटे बरोबर होते," ते म्हणाले. आवाज एकदम लहान. मग उठून बाहेर गेले, टेम्पोवाल्याला परत पाठवलं, आत आले. "दुसरा पीस अर्धा केलेला हाय माझ्याकडं. संध्याकाळपर्यंत तयार होईल. ते लोक दोन दिवस रेटतील कसंतरी, मी बोलतो त्यांच्याशी." आणि सवयीनं यांच्याकडे वळून विचारलं, "कधी देशील?"

यांनी माझ्याकडे बघितलं.

फोरमननी तोंड फिरवलं. त्यांना ते जड गेलं, दिसत होतं. इतकी वर्षं चहा आणून देणाऱ्या बाईकडे बघून कामाचं विचारायचं म्हणजे सोपं नाही. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, घडी केली, पुन्हा खांद्यावर टाकला.

"वहिनी, कधी जमंल?"

आमच्या घरातून कुठल्याही कामाला 'आज' किंवा 'उद्या सकाळी' हेच उत्तर जात आलं होतं. तेच माझ्या जिभेवर आलं. शिवाय चूक माझी होती; चुकलेल्या माणसानं पडतं घ्यायचं असतं, हेही मला कळत होतं. पण पायांत गोळे आले होते, पाठीत कळ मारत होती, आणि हे सगळं कशानं झालं ते आता त्या शेडमधल्या तिघांनाही ठाऊक होतं. पापड नाहीत, पाहुणे नाहीत, माळा नाही.

"उद्या दुपारनंतर," मी म्हणाले. "आज मी दमलेय, भाऊजी."

आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. मला वाटलं फोरमन काहीतरी म्हणतील, निदान हसतील.

ते म्हणाले, "बरं."

एवढंच. टर्नर दमला म्हटल्यावर फोरमन जसा 'बरं' म्हणतो तसं. मी मशीनचा मेन स्विच बंद केला, आत गेले, हातपाय धुतले आणि भर दुपारी, पाहुणा घरात असताना, मधल्या खोलीत जमिनीवर आडवी झाले. लग्न झाल्यापासून असं मी कधी केलं नव्हतं. डोळे मिटले. बाहेर दोघं हळू आवाजात काहीतरी बोलत होते. मग स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला, काडेपेटी ओढल्याचा आवाज झाला, आणि फोरमननी विचारलं, "वहिनी, साखर कुठं ठेवता हो?"

मी जागी होते. मी उत्तर दिलं नाही.